माझी माणसं तुमचीच समजा

५ जानेवारी, सोमवार

आले एकदाची दवाखान्यात. पित्ताशयात खडे आहेत, सूज आहे. औषधांनी ती उतरली की दुर्बिणीनं ऑपरेशन, असा बेत. घाबरावं असं काही नाही. उलट मला सहलीला आल्यासारखं वाटतंय. मंठ्याच्या शाळेत इतकी वर्षं शिकवतेय, पण भर जानेवारीत पाय लांब करून खिडकीबाहेर बघत बसायला कधी मिळालं होतं!

ही वही अक्षतानं दिली. "पोरांना रोजनिशी लिहायला लावतेस ना मम्मी, आता तू लिही," म्हणाली. माझी मुलगी इथंच जालन्यात कॉलेजला आहे, म्हणून हा दवाखाना निवडला. संघपाल, माझे यजमान, परतूरहून रोज रेल्वेनं ये-जा करणार आहेत. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. ऐकू नये असंच मला वाटतं, ते वेगळं.

बायकांचा छोटा वॉर्ड आहे, खाटा दोनच. शेजारची रिकामी. खिडकीतून कापसाचे ट्रक दिसतात, त्यांच्या मागं स्टीलच्या कारखान्यांचा धूर. समोरच्या भिंतीवर पाटी आहे : रुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या. पाटी दिसली की वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. आपल्या आजाराची माहिती आपल्या भाषेत मिळण्याचा हक्क. संमतीशिवाय ऑपरेशन न होण्याचा हक्क. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा. उपचार नाकारण्याचा. आणि शेजारी जबाबदाऱ्या : खरी माहिती द्यावी, काही लपवू नये, इतर रुग्णांचा मान राखावा. वाचून बरं वाटलं. इथं माणसाला माणूस समजतात.

रुचि सिस्टरनं मनगटावर नावाचा पट्टा बांधला. पोरगी गोड आहे. "कोणी सुई घेऊन आलं तर आधी तुमचं नाव विचारलं पाहिजे. न्हाई विचारलं तर तुम्ही हटका," म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी रोज हजेरी घेणारी बाई, मला काय शिकवतेस!

जाताना संघपालांनी मोसंबी सोलून दिली. पांढरा पापुद्रा सगळा काढून, मला लागते तशी.

६ जानेवारी

शेजारची खाट भरली. बेबीनंदा तिचं नाव. राजूरला शिलाईचं काम करते, ब्लाऊज शिवते. माझ्याच वयाची, माझ्याच बांध्याची. साखरेमुळं डाव्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. डॉक्टर श्रेणिक सकाळी येऊन तिच्यापाशी बसून बोलले. पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल म्हणतात. ती नुसती पांघरुणाच्या काठावर बोटं फिरवत राहिली, जशी शिवण तपासतात तशी.

तिच्याबरोबर कोणी नाही. नवरा गेला, मूल झालं नाही, भाऊ बोलत नाही. दुपारी भेटायच्या वेळेला माझ्या खाटेभोवती संघपाल, अक्षता, डबा, हुरडा, हसणं. आणि ती आमच्याकडं बघत होती. अशी बघत होती की मी हातातला घास परत डब्यात ठेवला.

ते गेल्यावर मी तिला पाटी वाचून दाखवली. समजावून सांगितलं, तुम्ही नाही म्हणू शकता, दुसऱ्या डॉक्टरला विचारू शकता, सोबत आपलं माणूस ठेवू शकता. ती म्हणाली, "बाई, बाकीचं समदं समजलं. पर आपलं माणूस कुठून आणू?"

माझा जीव कळवळला. मी म्हटलं, "असं का बोलता? माझी माणसं तुमचीच समजा."

तिनं माझा हात घट्ट धरला. "खरं सांगून राह्यले का, बाई?"

"अगदी खरं," मी म्हटलं.

७ जानेवारी

आज संघपालांनी तिलाही मोसंबी दिली. मीच सुचवलं होतं. दिली ते बरोबर केलं. पण सोलून द्यायची काय गरज होती? पापुद्रा काढून?

तिला बोलता फार छान येतं. शिवायला आलेल्या बायकांच्या नकला केल्या. संघपाल डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. घरी मी काही सांगायला लागले की हे पेपर उचलतात. मीही हसले, वाईट दिसू नये म्हणून.

८ जानेवारी

अक्षता कॉलेजातून थेट आली आणि तिच्या खाटेवर बसली. माझ्या नाही. माझ्या हाताला सलाईन होतं, जागा नव्हती, हे खरं. बेबीनंदानं तिची वेणी घातली. घट्ट, चपटी, शाळेत असताना मी घालायचे तशी. नववीत गेल्यापासून पोरगी मला केसांना हात लावू देत नाही. "मावशीच्या हातात काय कला आहे गं मम्मी," म्हणाली.

मावशी.

मी आजारी बाईवर जळतेय. इतरांचा मान राखावा, असं समोरच लिहिलंय. लाज वाटली. पण जळतेय हे खरं, आणि खरं लिहायचं ठरवलंय.

९ जानेवारी

दोन गोष्टी घडल्या.

डॉक्टर श्रेणिक राउंडला आले. तिच्यापाशी कितीतरी वेळ, माझ्यापाशी उभ्या उभ्या. मी म्हटलं, डॉक्टर, मलाही माहिती मिळायचा हक्क आहे. ते ओशाळले, स्टूल ओढून बसले. मग म्हणाले की साखर फार वाढलेली आहे, हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं, रुग्णाचीही काही जबाबदारी असते. मी सांगितलं, मला साखर नाही, कधी नव्हती. त्यांनी शांतपणे मान हलवली. आपण न्हाई म्हटल्यानं साखर जात न्हाई, ताई, म्हणाले. पोरांना मी हाच सूर लावते.

दुसरी गोष्ट. दुपारी ती रुचि सिस्टरला सांगत होती : मंठ्याच्या स्टँडवर एकदा शेवटची एसटी चुकली, तेव्हा सायकलवर एक सावळा पोरगा आला आणि म्हणाला, मॅडम, मी सोडतो, पण मागं बसताना शाईची बाटली नीट धरा, सांडली की मला बोलणी बसतील.

हे माझं आहे. संघपाल आणि मी असे भेटलो. मी तिला कधी सांगितलं? सांगितलं असेल, दिवसभर बोलतच असते मी. पण ती सांगताना "मी" म्हणत होती. आणि संघपाल तिथंच स्टुलावर बसून ऐकत होते, गालातल्या गालात हसत. दुरुस्त केलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

१० जानेवारी

खोली बदलून मागितली. रुचि सिस्टर म्हणाली, सध्या कुठंच जागा न्हाई, पर तुमचं म्हणणं वर कळवते, तो तुमचा हक्क आहे.

संघपालांना सगळं सांगितलं. ती माझ्या गोष्टी आपल्या म्हणून सांगते, तुम्ही तिच्याकडंच बघता, अक्षता तिच्याकडंच बसते. ते आधी हसले, मग चिडले. "कौसल्या, त्या बाईचा पाय चालला, आणि तू तिच्यावर जळून राह्यली? जळावं कुणावर, कळतं का न्हाई काही?" शेजारी ती पांघरुणात तोंड घालून रडत होती. त्यांनी उठून तिला पाणी दिलं.

ती ग्लास घेताना म्हणाली, "राहू द्या, अहो."

अहो. काल दुपारपर्यंत दादा म्हणायची.

कुणाला सांगू? जे सांगेन त्याला सगळे जळफळाट म्हणतील. आणि आहेच तो.

११ जानेवारी, रविवार

सकाळी डाव्या पायाला मुंग्या. अंगठ्यापाशी काही लागलंय, पण दुखत नाही.

रुचि सिस्टर सुई घेऊन आली. नियमाप्रमाणे मोठ्यानं विचारलं, नाव काय? मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "कौसल्या." स्वच्छ, शाळेतल्या बाईसारखा. सिस्टरनं तिकडं बघून मान डोलावली, मग माझ्या मनगटावरचा पट्टा वाचला आणि म्हणाली, "मंग तुम्ही बेबीनंदा. बराबर." आणि इन्सुलिन टोचलं.

मी पट्टा बघितला. बेबीनंदा असंच लिहिलंय. पट्टा कापलेला नाही, बदललेला नाही. पहिल्या दिवशी जिथं माझ्या मनगटाचा केस अडकला होता, तिथंच अडकलेला आहे.

मी आरडाओरडा केला. दैवशाला मावशी, आमच्या वॉर्डातली आया, धावत आली. डॉक्टर आले. सगळे चांगलेच वागले. कोणी ओरडलं नाही. डॉक्टर म्हणाले, जखमेचं विष रक्तात चढलं की माणूस भ्रमतो, घाबरू नका.

मी त्यांना शाळेचं नाव सांगितलं, मुख्याध्यापकांचं, चौथीतल्या पोरांची नावं हजेरीच्या क्रमानं. ते ऐकून घेतात. मग शेजारी बघतात, आणि शेजारची बाई मान हलवते : हो, मीच सांगत असते त्यांना, दिवसभर दुसरं काम काय.

१२ जानेवारी

अक्षता आली. मी हाक मारली. ती वळली, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, हळू बोला ना. मम्मीला आत्ताच झोप लागलीय."

ती त्या खाटेच्या पायथ्याशी बसून पुस्तक वाचत राहिली. मधेच उठून त्या बाईच्या कपाळावरचे केस मागं सारले. माझ्या कपाळावरही घाम होता.

माझी बोटं चादरीचा काठ दुमडतायत. दुमडतात, दाबतात, दुमडतात. मला शिवता येत नाही. गुंडीसुद्धा संघपाल लावतात. पण आत्ता दैवशाला मावशीच्या ब्लाऊजकडं बघून मनात आलं, गळा खोल आहे, खांदा उतरतो, कटोरी मोठी घ्यावी लागंल.

१३ जानेवारी

सकाळी तिला ऑपरेशनला नेलं. माझ्या ऑपरेशनला. संघपाल ट्रॉलीबरोबर दारापर्यंत गेले, तिचा हात धरून. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्यांनी माझा हात कधी धरला नाही. लाजतात. तिचा धरला.

दुपारी आणली. सगळं नीट झालं. डॉक्टरांनी खडे बाटलीतून दाखवले. माझे खडे. अक्षता हसत होती आणि रडतही होती.

मी भिंतीकडं तोंड करून पडले. माझं पोट दुखायचं थांबलंय. दोन महिन्यांचं दुखणं, आज एकदम नाही. आता पाय. अंगठा काळा पडलाय.

दुपारभर एकच विचार : मरू दे तिला. टाके उसवू देत. असा विचार मी आयुष्यात कुणाबद्दल केला नव्हता.

१४ जानेवारी

ती मला बोलली आज. संघपाल डबा धुवायला गेल्ते. अगदी प्रेमानं बोलली. "बाई, मी चोरलं न्हाई. तुम्ही दिलं. मी दोनदा विचारलं तुम्हाला."

दोनदा न्हाई. एकदाच विचारलं होतं. खरं सांगून राह्यले का, एवढंच. मी तिला म्हटलं, मग परत घेते. माझी माणसं माझी.

ती म्हणाली, "घ्या ना. हाक मारा. कोण येतं बघा."

संघपाल आले. मी हाक मारली. अहो, म्हटलं. ते दचकले. इकडं तिकडं बघितलं, कोणी ऐकलं तर काय म्हणेल असं. मग तिच्या खाटेकडं सरकले.

१५ जानेवारी

ते निघाले. घरी. माझ्या घरी.

जायच्या आधी संघपाल माझ्यापाशी आले. चांगला माणूस आहे, निरोप घेतल्याशिवाय जायचा न्हाई. उरलेली मोसंबी उशापाशी ठेवली. म्हणाले, "ताई, काळजी घ्या. डॉक्टर म्हणतात तसं करा."

मी मनगट धरलं त्यांचं. जे कोणालाच माहीत न्हाई ते सांगितलं. अक्षताच्या आधी एक बाळ होतं आमचं. पोटातच गेलं. त्याचं नाव ठरवलं होतं, आम्ही दोघांनीच, कुणाला सांगितलं न्हाई. ते नाव मी घेतलं.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता. आता ओळखतील.

त्यांनी वळून तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. "अहो, मीच बोलले त्यांना. मन हलकं केलं. चुकलं का माझं?"

"न्हाई गं," ते म्हणाले. एवढ्या मायेनं म्हणाले. माझ्याशी असं कधी—

अक्षतानं बॅग उचलली. आठ दिवस घरीच राहणार आहे म्हणे, मम्मीची सेवा करायला. दारात थांबली. माझ्याकडं बघून हात हलवला.

१६

सगळे चांगले वागतात. हेच सहन होत न्हाई.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. माझ्या भाषेत सगळं सांगितलं. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरचं मत पाहिजे. दुपारी दुसरे डॉक्टर आले, त्यांनीही तेच सांगितलं. मी म्हटलं, मी नकार देते. ते म्हणाले, देऊ शकता, ताई. पण विष वर चढून राह्यलंय. नकार दिला तर दोन-तीन दिवस. विचार करा, आम्ही थांबतो.

पाटीवरचं समदं बराबर मिळालं. एक बी हक्क कोणी मारला न्हाई. फक्त ज्या बाईला दिला ती मी न्हाई.

दुपारी भेटायची वेळ. कोणी आलं न्हाई. येणार तरी कोण? भाऊ बोलत न्हाई. नवरा गेला—

न्हाई. माझा नवरा गेला न्हाई. जित्ता आहे. तिच्यासाठी मोसंबी सोलून राह्यला.

१७

विसरून राह्यले. शाळा कुठली. खिडकीतून काय दिसायचं परतूरच्या घरात. आधी चौथीतल्या पोरांची नावं गेली, मागून पुढं, एकेक. ही वही वाचते तेव्हा आठवतं. वही मिटली की राजूर आठवतं. मशीन, पायडल, निळा दोरा. तिची मेलेली माणसं माझ्या डोळ्यांपुढं येतात आणि मला त्यांचं रडू येतं.

एक गोष्ट मात्र गेली न्हाई. जळणं. त्यांचा हात तिच्या हातात होता ते आठवलं की छातीत निखारा. हे तिला नेता आलं न्हाई. एवढ्यावरून कळतं, मी कोण ते.

दैवशाला मावशी म्हणाली, पाय जाऊ द्या, जीव तर राहील. खरंय. पाय जाऊ दे. काठी घेईन. परतूरला जाईन, दार वाजवीन. समोर उभी राहीन.

डॉक्टरला हो म्हटलं. त्यांनी विचारलं, समजून, मनापासून, कोणाच्या दबावाशिवाय? मी म्हटलं, मनापासून.

सही केली. कोणत्या नावानं केली, बघितलं न्हाई.

१८

ट्रॉली आलीय. रुचि सिस्टर थांबते म्हणाली, लिहून घ्या.

पाय आता दिसत न्हाई, बांधलाय. भीती पायाची न्हाई—

रविवार आहे. ते घरी असतील. तिनं केस धुतले असतील. माझी हिरवी साडी. ते म्हणतील, बस जरा, मी करतो चहा. मला कधी म्हटले? म्हटले असतील. आठवत न्हाई. तिला म्हणत असतील, हे दिसतंय मला, लख्ख—

पोरगी उठली असंल. दूध पाहिजे तिला सकाळी. ती बाई देईल पण तिला काय माहीत, पोरगी लहानपणापासून दुधावर साय असली की— साय असली की पीत न्हाई. का सायीशिवाय पीत न्हाई? मला माहीत होतं. रोज मीच तर— रुचि सिस्टर, थांबा जरा. एवढं आठवू द्या. गाळणीनं गाळून द्यायचे मी. का चमच्यानं वरून घालायचे, आणि ती, तिचं नाव अ—, ती हसायची आणि वठाला साय—